मुअज्जिनाच्या जिन्यातला दिवा

आमच्या मशिदीचा मिनार फार उंच नाही, पण नको तेवढा उंच आहे. वरच्या सज्ज्यात उभं राहिलं की मोहल्ल्यातली सगळी अंगणं समोर मांडल्यासारखी दिसतात. कोण केस वाळवतंय, कोण नवऱ्याशी भांडतंय, कुणाच्या चुलीवर मांस आहे आणि कुणाच्या नुसतीच मसूर, सगळं. म्हणून इथं अजान द्यायला माणूस आंधळाच हवा, अशी आमच्या आज्यांपासूनची रीत आहे. हलब शहरातल्या इतर मोहल्ल्यांत मुअज्जिनाला, म्हणजे अजान देणाऱ्याला, खाली न बघण्याची शपथ घालतात. शपथेवर विसंबणाऱ्यांनी खुशाल विसंबावं.

शेख सअदान आमच्याकडं आला तेव्हा त्याची दोन्ही बुबुळं पांढरी झालेली होती. मूळचा तो रेशीम विणणारा. डोळ्यांत पडदा उतरला, मागावरून उठावं लागलं, तेव्हा मशिदीनं त्याला अजानीचं काम दिलं आणि शेजारची खोली दिली. काम गेलं तर खोली जाणार, आणि त्यानं व त्याच्या बायकोनं, नुसैबानं, उतारवयात लोकांपुढं हात पसरायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माणूस लांबडा, हाडकुळा, पिस्त्याच्या मिठाईवर जीव टाकणारा. मांजरांशी त्याचं वैर होतं, कारण रोज एखादं तरी पायाखाली यायचं. त्याच्यापुढं आम्ही बायका डोकं झाकत नव्हतो. तो उंबऱ्यावर बसून आम्ही दिलेली रोटी खायचा आणि आम्ही त्याच्यापुढं सुनांची गाऱ्हाणी मांडायचो. मी जरा चढ्या आवाजात बोलले की अजान देऊन उतरल्यावर सरळ माझ्या दारात. "उम्म रझीन, आवाज खाली ठेव गं! लोकांना कळेना, नमाजाला माझ्या हाकेनं यायचं की तुझ्या!"

एकदा मोठ्या इस्पितळातले डोळ्यांचे हकीम निझार मशिदीच्या दारात थांबले. मी तिथंच सूत विकत बसते, त्यामुळं झालं ते माझ्या डोळ्यांदेखत. त्यांनी शेखला उन्हाकडं तोंड करून उभं केलं. एक डोळा अंगठ्यानं झाकायचा, उघडायचा, आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुली बघत राहायची, असं बराच वेळ चाललं.

"बाहुली लहानमोठी होतेय," हकीम म्हणाले. "आतला डोळा जिवंत आहे. सुईनं पडदा खाली दाबला की दिसेल."

"नको, हकीमसाहेब," शेख म्हणाला. "या आंधळेपणावरच माझी चूल पेटते."

नुसैबा शेजारीच उभी होती, पण अवाक्षर बोलली नाही. मला पहिला संशय तिथं आला. ती गप्प बसणारी बाई नव्हे.

पुढच्या आठवड्यात शेखला ताप आला म्हणे. दार बंद. इमामसाहेब मशिदीच्या पायरीवरूनच अजान देऊ लागले. नुसैबा मात्र अंडी घेऊन जायची, गुलाबाचं तेल घेऊन जायची, आणि घरातून तळणाचा वास म्हणून नाही. माझ्या जावेचा डोळा चिरला होता तेव्हा इस्पितळात अंड्याचा बलक आणि गुलाबतेल लावूनच पट्टी बांधली होती. मी काही विसरत नाही.

शेख बाहेर आला तो काठी टेकत, मान खाली घालून. पण मांजर एकही पायाखाली येईना.

"मांजरं शहाणी झाली असतील," साबणवाल्या अबू दुलफची बायको, उम्म दुलफ म्हणाली.

"आपल्या मोहल्ल्यात आधी माणसं तरी शहाणी होऊ देत," मी म्हटलं.

खरा पुरावा माझ्या भिंतीनं दिला. मिनाराचा जिना माझ्या खोलीला लागून आहे. इतकी वर्षं शेख एका चालीत चढायचा, पहाट असो की दुपार. आता दुपारी तसाच चढे, पण पहाटे भिंतीला हात घासत, अडखळत. एका पहाटे तर तो चक्क पडला आणि कळवळला. मी अंथरुणातच उठून बसले. आंधळ्याला अंधार कसला? ज्याला उजेडाची सवय लागलीय, तोच अंधारात चाचपडतो.

मी हे फक्त उम्म दुलफला सांगितलं. दुपारच्या नमाजापर्यंत मोहल्लाभर झालं.

सगळ्यांत जास्त पेटला तो अबू दुलफ. "आमच्या बायकामुली उघड्या पडल्या!" असं ओरडत तो मुहतसिबाकडं गेला. मुहतसिब म्हणजे बाजाराच्या मापांपासून वैद्यांच्या सुयांपर्यंत सगळं तपासणारा अधिकारी. पण अबू दुलफचा मेहुणा ठार आंधळा आहे आणि बहिणीच्या घरी फुकट जेवतो, हेही मला दिसत होतंच. मशिदीची खोली कुणाला हवी होती ते उघड होतं. मी संशय घेते तो सगळ्यांवर सारखा घेते.

मशिदीच्या अंगणात सगळे जमले. मुहतसिबानं हकीम निझारांना बोलावून घेतलं. हकीम खोटं बोलणारे नव्हते, शिवाय स्वतःच्या कामाचा त्यांना अभिमान होता.

"दिसतं त्याला," ते म्हणाले. "माझ्याच सुईनं दिसतं. पण यात एवढा गहजब कशाला? डोळ्यातून काही बाहेर निघून कुणाच्या अंगाला चिकटत नाही. उजेड वस्तूवर पडतो आणि तिथून डोळ्यात येतो. डोळा नुसता घेणारा."

उम्म दुलफ बुरख्याआडून फणकारली. "म्हणजे दोष आमचाच म्हणा की! आम्हीच जाऊन शिरतो वाटतं त्याच्या डोळ्यात?"

सगळे हसले. हकीम लाल झाले. त्यांनी आणखी समजावायला तोंड उघडलं, पण मुहतसिब शेखकडं वळला. "आधीच का सांगितलं नाहीस?"

"खोली जाईल म्हणून," शेख म्हणाला. "पण मी खाली बघत नाही. वर गेलो की डोळे घट्ट मिटतो. मला भीती वाटते."

"भीती?" अबू दुलफ ओरडला. "इतकी वर्षं चढतोयस आणि आज भीती?"

"किती उंच आहे ते मला आजवर कुठं माहीत होतं?" शेख म्हणाला. लोक माना वर करून मिनाराकडं बघू लागले.

मला मात्र ते उत्तर जरा जास्तच गोड वाटलं.

मुहतसिबानं ठरवलं की पुढच्या अजानीला अबू दुलफनं शेखबरोबर वर जावं, त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवावं आणि खाली येऊन साक्ष द्यावी. डोळे उघडे असले तर काम गेलं, खोली गेली. नुसैबा खांबाला धरून खाली बसली.

मी तडक घरी आले आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याची तुमान काढली. पिवळीधम्मक, मागच्या बाजूला हे एवढं ठिगळ. अंगणात दोरीवर तीच एकटी टांगली आणि डोकं झाकून बाजूला उभी राहिले. शेखला मी माझ्या पद्धतीनं पकडणार होते.

अजान सुरू झाली. वर पाहिलं तर शेखचं तोंड आभाळाकडं आणि दोन्ही हात कठड्याला. अजान देताना हात कानांशी न्यायचे असतात, आणि तापातून उठल्यापासून यानं ते नेले नव्हते, हे मला तेव्हा कुठं आठवलं. त्याच्या शेजारी अबू दुलफची दाढी कठड्याबाहेर लोंबत होती. ती दाढी या अंगणातून त्या अंगणात फिरत होती, कुठं कुठं थांबत होती. एकदाही ती शेखकडं वळली नाही.

मी धावत मशिदीच्या अंगणात परतले. खाली उतरल्या उतरल्या अबू दुलफ म्हणाला, "उघडे होते! टक्क उघडे!"

शेखचा चेहरा पांढरा पडला. नुसैबानं तोंडात ओढणीचा पदर कोंबला.

मी पुढं झाले. "साहेब, मला एक विचारू द्या. शेख, माझ्या अंगणात काय टांगलं होतं?"

"मला काय ठाऊक, उम्म रझीन?" शेख रडकुंडीला आला होता. "कांद्याच्या माळा असतील."

"खोटं बोलतोय!" अबू दुलफ गरजला. "कांदे कसले? पिवळी तुमान! मागं हे एवढं ठिगळ! दिसल्याशिवाय राहील का..."

आणि तो थांबला. अख्खं अंगण त्याच्याकडं वळलं.

"एवढ्या लांबून ठिगळसुद्धा दिसलं?" मी म्हटलं. "मग शेखचे डोळे कधी पाहिलेस रे?"

"घरी चला," उम्म दुलफ हळूच म्हणाली. "आणखी काय काय दिसलं ते सविस्तर सांगा मला." पुढं महिनाभर अबू दुलफ साबणाच्या भट्टीवरच जेवला, असं ऐकते.

शेखचं काम राहिलं. माझा संशय फिटला का? पुरता नाही. कांदे म्हणायला काय लागतं?

पण त्यानंतर एक झालं, ते मला सहन होईना. शेख गल्लीतून जाताना प्रत्येक दाराशी खोकू लागला. परका पुरुष खोकतो तसा, आत बायकांनी डोकी झाकून घ्यावीत म्हणून. आणि आम्हीही झाकत होतो, दारं ओढून घेत होतो. उंबऱ्यावर त्याला रोटी द्यायला कुणी उभं राहीना, सुनांची गाऱ्हाणी कुणी सांगेना. मी सुनेवर एवढी ओरडले, तरी मला रागवायला कुणी आलं नाही. पहाटे भिंतीपलीकडं तो अडखळायचा आणि मी ऐकत पडून राहायचे. दिवा न्यावा तर आंधळा म्हणून ठेवलेल्याच्या हातात दिवा कसा, असं लोक म्हणतील, म्हणून तो नेत नव्हता. मला त्याची कीव आली, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

एका संध्याकाळी मीच जिन्याच्या वळणावरच्या कोनाड्यात पेटती पणती ठेवून आले, रात्रभर पुरेल एवढं आपल्या घरचं तेल घालून. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सरळ चढला. वर पोचल्यावर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. डोळे मिटत असावा. मग अजान सुरू झाली.

सकाळी रिकामी पणती घेऊन तो माझ्या दाराशी आला आणि खोकला.

"खोकतोस काय मेल्या, घसा बसेल," मी आतून ओरडले. "ये आत, रोटी केलीय."

तो उंबऱ्यावर बसला, मान खाली घालून. मी डोकं झाकलं आणि सुनेच्या गाऱ्हाण्याला सुरुवात केली.