माझं दुसरं बारसं

घर मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा पलटणीत जाताना. तेव्हा आये पोलादपूरपर्यंत पायी सोडायला आली आणि वाटभर एकच सांगत राहिली, "पाय सांभाळ, म्हादू." दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. थोरला भाऊ, धोंडूदादा, अंगणाच्या कडेला मान खाली घालून उभा. मी बूट आवळले, पिशवी खांद्यावर मारली आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "मेलेल्या माणसाला निरोप द्यायची गरज नाय."

तुम्ही वाडीवर राहिलेले आणि मुंबईला गोदीत गेलेले, सगळ्यांनीच ही गोष्ट आपापल्या पदरचा मीठमसाला लावून सांगितली आहे. आता माझ्याकडून ऐका. लिहायला मी पलटणीत शिकलो, अक्षर किडमिडीत आहे, चालवून घ्या.

जर्मनच्या लढाईत बसऱ्याच्या पुढे आमची तुकडी तुर्कांच्या हाती सापडली. मी कैदेत, आणि इकडे घरी कागद गेला की म्हादूचा पत्ता नाही. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. माझी मात्र वर्षाच्या आत दर्भाची बाहुली करून जाळली, दहावं-तेरावं उरकलं. आणि लढाई संपल्यावर मी दासगावच्या बंदराला उतरलो, महाडवरून तंगडतोड करत घाट चढलो आणि जिवंत दारात उभा राहिलो.

बायका पोरांना ओढून आत पळाल्या. बाप्ये लांबून माझ्या पायांकडे बघत होते. भुताची पावलं उलटी असतात ना! पण पायात पलटणीचे बूट, त्यामुळे कोणाला काही उमगेना. तेवढ्यात आये बाहेर आली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. ती माझ्या पायांवर नजर रोखून म्हणाली, "बूट काढ." सख्खी आई! काढले. तिने वाकून बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि आत गेली. ते बघणं माझ्या काळजात रुतून बसलं.

मग दादाने रीत सांगितली. ज्याचं तेरावं झालं त्याला उंबरा ओलांडता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला घालायचं, म्हणजे न्हाऊ घालून, पाळणा बांधून बारसं करायचं. भटजी नवं नाव देतील, की झालो मी मोकळा. तोवर पडवीत निजायचं आणि केळीच्या पानावर जेवायचं. माझं लग्न झालेलं नव्हतं हे नशीब, नाहीतर तेही पुन्हा लावलं असतं.

नवं नाव! तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. बापाने जमिनीचा अर्धा वाटा म्हादूच्या नावावर ठेवला होता. उद्या मी पांडू झालो, तर म्हादूची जमीन कोणाची? आणि वर्षाच्या आत जाळायची घाई कोणाला झाली होती? तीन दिवस मी पडवीत बसून दादाचं उठणं-बसणं न्याहाळलं. तो हसला तरी वाटे मला हसतोय, गप्प बसला तरी वाटे काहीतरी शिजतंय. चौथ्या दिवशी निघालो.

तुडीलला सावित्रीच्या काठी खोताने मला जमीन कसायला दिली, कारण ती दुसऱ्या कोणाला नकोच होती. भरतीचं खारं पाणी आत यायचं, गवतसुद्धा धड उगवायचं नाही. पण ट्रेंच, म्हणजे लढाईचे खंदक, खणणं ही एकच विद्या मला नीट शिकवलेली होती. गोणीत माती भरून बांध घातला, आतून चर खणला. गावकरी वर उभे राहून बघायचे. हा बसऱ्याहून सोनं घेऊन आलाय आणि इथे पुरतोय, अशी कुजबुज. एकदा सकाळी बघतो तर कोणीतरी बांध उकरलेला, आणि शेतात गुडघाभर भरती. त्यानंतर मीही कोणाची गय केली नाही. शेजारणीने कालवण पाठवलं तर आधी मांजराला घालायचो. चौथ्या पावसाळ्याला लाल भात आला, तेव्हा लोक जरा बोलायला लागले. पण घर कुठलं, कोणाचा कोण, याचं उत्तर मी देत नसे, आणि असल्या माणसाला मुलगी कोण देणार? एकटाच राहिलो.

गेल्या शिमग्यानंतर दादा आयेला घेऊन आला. महाडपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. आये वाळून काटकी झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण पहिला विचार आला तो हाच, की आता यांना कशावर अंगठा हवाय?

आये बांधावर बसली. म्हणाली, "मी आता फार दिवसांची नाय. मेलेल्या लेकाच्या हातचं पाणी मला पोचायचं नाय. बारसं करून घे."

बारा वर्षं घशात अडकलेलं मी दादाकडे बघत विचारलं, की मला जाळायची घाई कोणाला झाली होती?

"मला," आये म्हणाली. "रोज सपनात येऊन पाणी मागायचास. जिता असलास तर तिकडं कसं देऊ? मेला असशील तर तेवढं तरी पोचंल, म्हटलं."

मी खाली बसलो. कैदेतल्या पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून माझी जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. हे मी जगात कोणालाही सांगितलेलं नाही.

आयेने पुढचंही सांगितलं. माझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दादाने नदीत उभं राहून कबूल केलं की म्हादूच्या वाट्याला कधी नांगर लावणार नाय. तरी शिवला नाही. शिवणार कसा, मी जिवंत होतो! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तरी मी संशयी माणूस, जाऊन बघितलंच. चारी बाजूंना दादाची नांगरलेली खाचरं आणि मधे माझा वाटा, करवंदीच्या जाळ्यांनी गच्च भरलेला. एक ऐनाचं झाड मांडीएवढं जाड झालेलं. मी बुंध्याशी उकरूनही बघितलं, नुकतं आणून लावलंय की काय. मुळं खोल गेलेली. दादा बाजूला उभा होता. अर्ध्या जमिनीवर त्याने सहा तोंडं पोसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारसं केलं. चाळिशीचा बाप्या पाळण्यात मावतो कुठे, नुसता पाळण्याला हात लावून बसवला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, पण आत्या राहिली नव्हती, म्हणून आये वाकली. तेवढ्यात मी हळूच विचारलं, "त्या दिवशी बूट काढायला लावलेस, ते मी भूत वाटलो म्हणून ना?"

"खालच्या आळीतला पोरगा एक पाय तिकडंच ठेवून आला व्हता," ती म्हणाली. "तुझं दोन्ही हायत का, त्ये बघितलं."

मग तिने नाव सांगितलं. "म्हादू." भटजींनी घसा खाकरला. तिने तिकडे बघितलंच नाही.

पावसाळा सरताना आये गेली. पाणी दोघांनी दिलं. मी तुडीललाच असतो, भरतीचा बांध दुसऱ्या कोणावर टाकून चालत नाही. वाडीवरचा माझा वाटा कसायला घे म्हटलं तर दादा ऐकत नाही, कावळ्याला शब्द दिलाय म्हणतो. म्हणून मीच वर जाऊन जाळ्या तोडल्या, आता नांगरही मीच धरतो. गेलो की बूट अंगणातच काढतो. कोणी सांगत नाही आता. तरी काढतो, आणि आत जाण्याआधी पडवीसमोर थोडा वेळ तसाच उभा राहतो.