कावीळ उतरवणाऱ्याकडे

तिसऱ्या केमोनंतर बायकोचे डोळे पिवळे झाले. मी तेव्हा सणसवाडीत कारखान्यांचे जुने ड्रम सौदा करून भंगारात उचलत होतो. खुटबावचा माझा थोरला भाऊ तिला परस्पर दौंडकडच्या एका कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेला. मी चिडेन म्हणून मला कुणीच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "पाहुणे, चहा घ्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला हात पुढे धरायला लावले. पंजे आपोआप फडफडले. असलं मी कधी पाहिलं नव्हतं; नकळत माझेही हात धरून बघितले. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर लिव्हरमध्ये आधीच पसरलाय, त्यात केमोचा भार, आता लिव्हर एकदम बंद पडत चाललंय. आणखी काही दिलंय का? मी ठासून नाही म्हणालो. भाऊ शेजारीच उभा होता. दौंडकडच्या औषधाचं तो दुसऱ्या दिवशी बोलला.

डॉक्टरांना ते औषध बघायचं होतं. मी तडक त्या कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलो. म्हातारा पैसे घेत नव्हता, फक्त नारळ. पैसा नको असलेल्या माणसाशी सौदा कसा करायचा, हे मला आयुष्यात कळलेलं नाही. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, म्हणाला.

"आप्पा, माणूस मरायला टेकलंय."

"म्हणूनच सांगत न्हाई."

मग मी हात पुढे केले. म्हणालो, माझीच उतरवा. त्यानं कसल्याशा सालीचा रस चोळला, वर चुन्याचं पाणी ओतलं. परातीत पिवळंधमक पाणी पडलं. मला कावीळ नव्हती. भांडायलाच आलो होतो, पण वाकून बघत राहिलो. पुन्हा ओता म्हणालो. पुन्हा पिवळं, जरा फिकं.

"लई मुरलीय तुमची," म्हातारा काळजीनं म्हणाला आणि तीन पुड्या दिल्या. तो फसवत नव्हता. माणसाचा चेहरा वाचण्यावरच माझं पोट आहे.

डॉक्टरांनी पुडी हुंगली, तपासायला ठेवून घेतली. मी विचारलं, आजाराचा वाटा किती, केमोचा किती, ह्याचा किती? ते म्हणाले, असे वाटे पाडता येत नाहीत.

चौथ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला घाटावर भावानं विचारलं, "माझ्यामुळं गेली का रं?"

"ते डॉक्टरलाबी ठाऊक न्हाई, दादा. पर मी न्हाई म्हणालो, तवा तुम्ही शेजारी गप उभं व्हता. तेवढं मला ठाऊक हाय."