दोराच्या आतला किपूर

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवाली वजनात मारते, गवळी पाणी घालतो आणि पाहुणा ‘निघतोच आता’ म्हणाला की तो जेवूनच जाणार, हे मी धरून चालते. त्या वर्षी फ्ल्यूची साथ देशभर फिरली, तेव्हा या स्वभावाला जणू सरकारी नेमणूक मिळाली. आम्ही आरमोरीच्या पुढे, जंगलातल्या लाकूड डेपोवर राहत होतो. माझे यजमान तिथे अधिकारी. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे. पावसाळ्यात सासऱ्यांची छाती धरली होती आणि वडशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना हा ताप आला तर माझ्या हातात काही नाही. तेव्हापासून अंगणात कुणी नुसता घसा खाकरला तरी मी दारात जाऊन उभी राहायची.

अशात किपूर तोंडावर आला. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. किपूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. आमच्यात त्याला दार फाळणीचा, म्हणजे दार बंद करायचा, सण म्हणतात. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पांढरे कपडे घालून दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उपास आणि प्रार्थना करायची. बाहेरच्या कुणाला शिवायचंही नाही. पुऱ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या मुलुखात आमची मशीद नव्हती (प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो), म्हणून गोंदिया, चांदा, नागपूरकडचे आठ जण दरवर्षी आमच्याकडे येत आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, प्रार्थना चालवत. दहा माणसं, एक खोली आणि लावलेलं दार. नुसत्या विचाराने मला घाम फुटायचा. मी म्हटलं, अंगणात बसा, लांब लांब. बाबा म्हणाले, “अंगणाला कसलं दार, सूनबाई? दार लागलं नाही तर तो सण कसला?” मग यंदा नकोच, असं मी म्हणून गेले. ते भिंतीकडे तोंड करून निजले. हा आपला शेवटचा किपूर, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तो हिरावून घेणारी मी आणि तो होऊ दिला तर त्यांना घालवणारीही मीच. देवाजवळ मी मागितलं, पण तेही संशयानेच. म्हटलं, खरंच ऐकू येत असेल तर दाखव काहीतरी.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी गावचा गोंड पुजारी चैतूभाऊ आमच्या कुंपणामागे दोर बांधताना दिसला. दोराला पळसाची पानं आणि कडुलिंबाचे डहाळे होते. माझ्या मनात लगेच आलं, हा आम्हाला रोगी ठरवून कोंडतोय, नाहीतर करणी करतोय. मी विळा घेऊनच बाहेर पडले आणि विचारलं, आम्हाला का बांधता?

“काऊन रागावून राह्यली बाई? तुमाले नाई, बिमारीले बांधून राह्यलो,” तो शांतपणे म्हणाला. “आज दिवस बुडला का गाव बंद. उद्या दिवस बुडेपर्यंत कोनी आत नाई, कोनी बाहेर नाई.”

गाव नाल्यापलीकडे होतं. मग दोर इथे कशाला, असं मी विचारलं.

“देवीची साथ आली होती तवा नाल्यावरच बांधला. तवा इथी घर नव्हतं. आता तुमी इथी राह्यता, तं तुमी बी गावातच.”

विळा धरलेला हात आपोआप खाली आला. तरी विचारलंच, नेमका आमच्या सणाचा हा दिवस तुम्हाला कुणी सांगितला? “कोन सांगन? पंच बसले, ठरलं,” म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे गेला. मी यजमानांना खोदून विचारलं, बाबांनाही विचारलं. कुणी गावात एक शब्द बोललं नव्हतं. सगळं ऐकून बाबा उठून बसले आणि म्हणाले, “म्हणजे दार लागतंय, सूनबाई. अंगणात चटया टाक.”

माझं लुगडं जमिनीवर लांब पसरून मी दोन चटयांमधलं अंतर ठरवलं. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावायची आमची रीत आहे. यंदा हात आपल्याच छातीवर ठेवायचा, असं मी बजावलं. दुपार कलता कलता वडशाहून गाड्या आल्या. सर्वांत शेवटी गोंदियाचे, रेल्वेतले शमुवेलभाऊ उतरले आणि रुमालात खोकले. “धूळ गेली घशात,” म्हणाले. ही धूळ मी बरोबर ओळखून होते. मी म्हटलं, यांना याच गाडीने परत पाठवा. पण ते गेले की नऊच उरत होते आणि वाटेवर चैतूभाऊची माणसं दोर ओढायला थांबली होती. बाबा म्हणाले, “बंद खोली असती तर मीच त्याला परत पाठवला असता. अंगण मोठं आहे. बसू दे त्याला मोहाच्या झाडाखाली.”

दोर लागला. दुसरा सबंध दिवस माझा एक डोळा प्रार्थनेवर आणि एक मोहाच्या झाडावर होता. शमुवेलभाऊ एकटे, कुंपणालगत, स्वतःचं पुस्तक घेऊन बसले होते. सगळ्यांचं आमेन व्हायचं आणि मागून त्यांचं एकट्याचं यायचं. त्यांचा आवाज दर खेपेला बसत चालला होता, पण एकदाही चुकला नाही. दुपारनंतर माझ्या लक्षात आलं की मी खोकला नव्हे, त्यांच्या आमेनची वाट बघते आहे. ते आलं की मला रडू यायचं. चांदण्या दिसल्या तेव्हा बाबांनी त्या धरलेल्या छातीने सण संपल्याचं शिंग फुंकलं. आवाज कापरा होता, पण नाल्यापलीकडे पोचला.

त्या रात्री शमुवेलभाऊंना सणकून ताप भरला. यजमानांनी गाडीखान्यात त्यांची शुश्रूषा केली आणि पुढे ते बरे झाले. बाकी कुणाला काही झालं नाही. बाबांनी त्यानंतरही बरेच किपूर पाहिले. मोकळ्या हवेमुळे झालं, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही, चटया मीच टाकल्या होत्या. पण दोर मी बांधला नव्हता, दिवसही मी ठरवला नव्हता. माझ्याच्याने जे झालं नसतं ते माझ्या कुंपणामागे चालू होतं आणि मी विळा घेऊन निघाले होते. आपण फक्त आपल्या वाटणीचं करावं आणि बाकीचं देवाच्या हाती सोडावं, हे मी आजही रोज नव्याने शिकते.

त्या संध्याकाळी शिंग वाजल्यावर थोड्या वेळाने चैतूभाऊ दोर सोडायला आला. अर्धा दोर त्याच्या खांद्यावर गुंडाळलेला होता. आमच्या कुंपणापाशी थांबून त्याने मला हाक मारली. “इथली गाठ तुमी सोडा बाई. ज्याच्या घरची गाठ, त्यानंच सोडा लागते.” गाठ घट्ट होती. विळा मागायचं मनात आलं नाही. चैतूभाऊ कंदील धरून उभा राहिला आणि मी ती हळूहळू सोडवली.