चाखणेसाहेबांची जीभ

चाखणेसाहेब धूळ खायचे. मूठभर नव्हे, बोटाच्या टोकावर येईल एवढीच. कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजवरून किंवा टीव्हीच्या कडेवरून बोट फिरवायचे, ते जिभेला लावायचे, पुढच्या दातांत जरा घोळवायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. "वाळू." किंवा "रस्त्याची. डांबर आहे यात." दोह्याच्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना टरकून असत. भर गणपतीत, हातात आरतीचं ताट असलेल्या एकीला ते म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या शोकेसवर अल रय्यानचा अख्खा रस्ता बसलाय. झाडता की नुसतंच सजवता?" सगळे खो खो हसले. ती बाई पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही.

चाखणे हे नाव ऑफिसनं ठेवलेलं, खरं आडनाव वेगळंच. ते नाशिकचे, हवेच्या प्रदूषणातले इंजिनिअर. मी रत्नागिरीची सलमा, त्यांच्या हाताखालची केमिस्ट. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती आणि दोहा चहूबाजूंनी उकरून ठेवलेलं होतं. बांधकामाच्या साइटच्या कडेला यंत्र लावायचं, हवेतली धूळ मोजायची आणि ती कुठली आहे ते लिहून द्यायचं, हे आमच्या कंपनीचं काम. धूळ वाळवंटातली असेल तर दोष कुणाचाच नाही. साइटवरची असेल तर काम थांबवायचं, पाणी मारायचं, झाकायचं आणि मगच पुढे जायचं. थांबायला कोण तयार होता? म्हणून आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एकच शब्द यायचा, नैसर्गिक. देश लहान, वाळवंट मोठं, शब्द खपून जायचा. मीटिंगमध्ये हिरवं पान छापलेल्या फायली वाटायचे, कार्बन न्यूट्रल वगैरे, आणि बाहेर आलं की आधी गाडीची काच पुसावी लागायची.

मी नवी होते तेव्हा लॅबमधले आकडे घेऊन त्यांच्याकडे धावत गेले. "साहेब, यात कॅल्शियम केवढं आहे बघा, हे सिमेंटच." ते म्हणाले, "इथली माती चुनखडीची आहे, पोरी. कॅल्शियम वाळवंटातही असतं." कागदावर ते बरोबरच होतं. मग त्यांनी मला दोन चिमट्या चाखायला लावल्या. वाळू नुसती करकरते, सिमेंट जिभेला धरून ठेवतं. मला शिकवलं त्यांनीच, आणि शिकवून झाल्यावर त्याच पेनानं नैसर्गिक लिहिलं.

तरी माझा त्यांच्यावर जीव होता, खोटं कशाला सांगू? क्लायंटचा एक मॅनेजर माझ्यावर ओरडला तेव्हा साहेबांनी त्याला खोलीबाहेर काढलं होतं. रमजानात ते माझ्यासमोर पाणी पीत नसत आणि धूळही चाखत नसत. "तुझा रोजा आहे तोवर माझी जीभ बंद," म्हणायचे. संध्याकाळी मला घरी सोडताना वाटेत आधी स्वतःच्या घरी नेऊन चहा पाजायचे. आणि त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "घरी एक आणि ऑफिसात एक बोलणारा माणूस मला चालत नाही." ते त्यांना मनापासून वाटायचं, हीच तर पंचाईत.

त्यांचं घर अल अझीझियात होतं. खिडकीसमोर स्टेडियमच्या पार्किंगचं काम चाललेलं आणि कडेला काँक्रीटचा प्लांट. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दमा होता, तो त्या कामाबरोबर वाढत गेला. क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी साहेबांना समोर बसवून सांगितलं होतं, की धूळ वाळवंटाची असेल तर कतारमध्ये कुठेही राहा, तीच येणार. पण बांधकामाची असेल तर उद्याच्या उद्या घर बदला, नाहीतर यांना गावी पाठवा. बांधकामापासून लांब, मदिनत खलीफामध्ये कंपनीचा एक फ्लॅट तेव्हा रिकामाही होता. साहेबांनी नुसतं म्हणायचं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी वहिनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायच्या आणि ते त्यांच्यापुढे धरायच्या.

"अहो, सांगा बघू, कसली?"

साहेब त्यांच्या बोटावरची धूळ स्वतःच्या बोटावर घ्यायचे, चाखायचे. "वाळवंट."

"नक्की ना?"

"अगं, अख्खं कतार माझ्या जिभेवर आहे."

वहिनी पदराला बोट पुसून धापा टाकत चहा ठेवायला जायच्या.

एकदा मीही कट्ट्यावर बोट फिरवून चाखलं. मग गाडीत राहवलं नाही. "साहेब, ते सिमेंट होतं."

त्यांनी आधी एसी माझ्याकडे वळवला. "त्या साइटच्या रिपोर्टवर माझी सही आहे, सलमा. ऑफिसात नैसर्गिक आणि घरी सिमेंट? मी तसला माणूस नाही." इतक्या मायेनं म्हणाले, की चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं. हा माणूस बायकोचा श्वास विकत असता तर त्याला निदान लाज तरी वाटली असती. तो आपला सचोटीनं वागत होता.

दुसऱ्याच दिवशी मी वहिनींना सरळ सांगून टाकलं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता खोकल्या. "माझे वडील सिमेंटचे दुकानदार, बाई. गोणीवर बसून अभ्यास केलाय मी. मला कळत नसेल?"

"मग रोज बोट कशाला नेता त्यांच्यापुढे?"

"त्यांनी स्वतः सिमेंट म्हणावं म्हणून. म्हणाले की त्याच दिवशी बॅग भरते."

"आणि नाही म्हणाले तर? वहिनी, असल्या हट्टापायी जीव घालवतात का?"

"तुझं लग्न होऊ दे, मग बोलू," त्या म्हणाल्या आणि इनहेलर शोधायला लागल्या. मला दोघांचाही राग आला. मदिनत खलीफाचा फ्लॅट पुढे एका नव्या लेबनीज इंजिनिअरला मिळाला.

त्या उन्हाळ्यात हवा अशी झाली की दुपारीही समोरच्या क्रेन दिसत नसत. वहिनींना न्यूमोनिया झाला. अँब्युलन्स बोलावली तेव्हा मी तिथेच होते. त्यांना बोलवत नव्हतं, ओठ निळसर झालेले. त्या खुर्चीतून खिडकीकडे वळल्या, कट्ट्यावर बोट टेकवलं आणि ते साहेबांपुढे धरलं. साहेबांनी धूळ जिभेला लावली. मी मनात अल्लाचं नाव घेतलं, म्हटलं, आता तरी.

"वाळवंट," साहेब म्हणाले.

वहिनींनी हात खाली घेतला. त्यानंतर त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, स्ट्रेचरवरूनही नाही. चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारल्या.

साहेब त्यांना नाशिकला घेऊन गेले आणि तेरावा उरकून परत आले. मी घावने करून घेऊन गेले. फोटो त्याच खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता आणि काचेवर धुळीचा थर बसला होता. साहेबांनी काचेवरून, वहिनींच्या कपाळावरून, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ घोळवत राहिले.

"सिमेंट," ते म्हणाले. मग फोटोकडे वाकून, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले, "अगं, सिमेंट आहे हे. तुला सांगतोय मी. सिमेंट." आणि खाली बसून हुंदके द्यायला लागले. मीही रडले. त्यांना पाणी दिलं, समोर बसून एक घावन खायला लावलं. घरी जाताना मला वाटत होतं, उशिरा का होईना, माणूस जागा झाला.

सकाळी मी त्याच पार्किंगच्या साइटचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. शेवटची ओळ मुद्दाम कोरी सोडली होती. साहेबांनी चष्मा लावला, सगळं नीट वाचलं, कोऱ्या ओळीवर नैसर्गिक लिहिलं आणि सही केली. मी तिथून हलले नाही.

त्यांनी मान वर केली नाही. "घरची गोष्ट वेगळी असते, सलमा," ते म्हणाले. "यल्ला, चल, पुढचा दे."