सिंहाच्या तोंडापुढचा धुरकट ठिपका आणि माझी जाऊ

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको. ही पेंचच्या जंगलाशेजारी काढलेल्या एका रात्रीची गोष्ट आहे, तिच्यात वाघ नाही, आणि ती लिहिणारी बाई जाताना, तिथे असताना आणि परत येताना आपल्या जावेवर जळत होती.

आम्ही शहराच्या कडेला, बेशाला राहतो. खाली आमचं घर, वर दीर आणि त्यांची बायको स्नेहल. स्नेहल बँकेत अधिकारी आहे आणि तिला सगळं येतं. खरंच सगळं. लग्न होऊन आली तेव्हा तिची पहिलीच पुरणपोळी फुगली, आणि माझी अजूनही कडेनं फुटते. गाडी ती अशी वळवते की समोरचा ट्रकवाला वाट देतो. सासूबाई माझ्याशी बोलताना कपाळाला आठ्या घालतात आणि तिच्याशी बोलताना हसतात. असो. माझ्या वाट्याला एक आकाश होतं. साठवलेल्या पैशातून सहा इंची दुर्बीण घेतली, आकाश पाहणाऱ्यांच्या एका छोट्या गटात शिरले, आणि आता आमच्या लेआउटमधली, म्हणजे कॉलनीतली, पोरं मला ताऱ्यांवाली काकू म्हणतात. हे एवढंच माझं होतं, आणि त्यात घरातलं कोणी वाटेकरी नव्हतं.

मार्चअखेरची, चंद्र नसलेली रात्र म्हणजे आमच्यासारख्यांचा सण. मी पेंचजवळ खोली ठरवली होती. गटातली मैत्रीण सोबत येणार होती, तिची आदल्या दिवशी कंबर धरली. एकटी जाऊ नको म्हणून नवरा अडून बसला. आणि जिन्यातून आवाज आला, "ताई, मी येते ना. मले सुट्टीच आहे. गाडी पण मीच चालवीन." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"अमावास्येच्या तोंडावर कुठं चालल्या वं दोघी?" सासूबाईंनी विचारलं.

"अंधार पाहायला," स्नेहल म्हणाली, आणि त्या हसल्या. हेच मी म्हटलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं.

दुपारचं जेवण उरकून निघालो. रस्ता सोपा आहे: कामठी, कन्हान, मग जबलपूरच्या मोठ्या रस्त्यानं मानसर. टोलचे पैसे हाताशी ठेवा, बाकी खड्ड्यांची भीती नाही. मानसरला रामटेकचा फाटा येतो. लवकर निघाला असाल तर गडावर जाऊन या, आम्ही खालूनच हात जोडले. फाट्याजवळ चहा आणि गरम आलूबोंडा घेतला, दोघींचे मिळून शंभराच्या आतच झाले. चहावाल्यानं पैसे घेताना स्नेहलला विचारलं, "मॅडम, टीव्हीवर दिसता का तुमी?" माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पुढे जंगल सुरू झालं. पळस झडत आला होता आणि मोहाचा वास काचा बंद असूनही आत येत होता.

मुक्काम नरेशभाऊंच्या शेतातल्या खोल्यांमध्ये. दोन माणसांची खोली, रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा धरून, बऱ्यापैकी साडीच्या किमतीत बसते. आधी फोन करून जा, कारण शनिवारी सफारीवाल्यांची गर्दी असते. नरेशभाऊंनी आमचं सामान उचलताना दुर्बिणीची लांबलचक पेटी पाहिली.

"हे काय होय? वाघ पाहाले आणलं का?"

"नाही भाऊ, आकाश पाहाले," मी म्हटलं. "रात्री अंगणातला दिवा बंद ठेवाल का?"

"अंधार पाहाले पैसे देता तुमी?" ते म्हणाले. "बरं हाय. लाइटबिल तरी वाचन."

दिवा मात्र त्यांनी खरंच बंद ठेवला, आणि पाहुण्यांनाही सांगितलं. एक नियम त्यांनी आम्हाला घातला, तो तुम्हीही पाळा: कुंपणाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि पाटवडीचा रस्सा होता. रस्सा जपून खा, रात्रभर उघड्यावर बसायचं असतं.

अंधार पडला आणि माझं राज्य सुरू झालं. निदान मला तसं वाटलं. पश्चिमेला कृत्तिका होत्या, तिथून सुरुवात केली. मग डोक्यावर पुष्याचा पुंजका. नुसत्या डोळ्यांना तो धुक्यासारखा दिसतो, आणि चारशे वर्षांपूर्वी एका इटालियन माणसानं पहिल्यांदा दुर्बीण लावली तेव्हा त्या धुक्याचे सुटे तारे झाले. देवयानीतल्या पुसट ढगाची नोंद तर त्याच्याही कितीतरी आधी एका इराणी माणसानं दुर्बिणीशिवाय केली होती. मी हे सगळं सांगते तेव्हा लेआउटमधली पोरं तोंड उघडं ठेवून ऐकतात. स्नेहलही ऐकत होती, पण ती मधे प्रश्न विचारत होती, आणि तिचे प्रश्न नेमके होते. तेच मला खटकत होतं.

मग मी माझ्या लाडक्या फ्रेंच माणसावर आले. हा धूमकेतू शोधायचा. वृषभाच्या शिंगाजवळ त्याला एक धुरकट ठिपका दिसला, धूमकेतूच वाटला, पण तो रात्रींमागून रात्री गेल्या तरी जागचा हलेना. असले फसवे ठिपके पुन्हा वेळ खाऊ नयेत म्हणून त्यानं त्यांची यादी करायला घेतली. तीच शंभरावर ठिपक्यांची यादी घेऊन आज आमच्यासारखे लोक मार्चच्या रात्री जागतात. कोणी तारकागुच्छ आहे, कोणी तेजोमेघ, आणि कितीतरी दीर्घिका आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दुसऱ्या आकाशगंगा. हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. जगाला ते गेल्या शतकात समजलं.

"म्हणजे त्यानं नको असलेल्याच गोष्टींची यादी केली," स्नेहल म्हणाली. "आणि नाव त्याच्यावरच झालं?"

"हो."

"मग जे त्याच्या यादीत नाही, ते कोणी शोधलं?"

तेही सांगितलं. इंग्लंडात राहणारा एक जर्मन संगीतकार आणि त्याची बहीण. बहिणीनं आधी छोट्या दुर्बिणीतून फ्रेंच माणसाच्या यादीत नसलेले काही ठिपके शोधले. ते पाहून भाऊ मोठी दुर्बीण घेऊन कामाला लागला आणि पुढे त्यानं हजारोंनी शोधले. तो दुर्बिणीशी उभा राहून सांगायचा, बहीण दिव्याजवळ बसून लिहून घ्यायची. भावाबहिणीच्या प्रेमाची गोष्ट म्हणून मी ही नेहमी सांगते.

मग पाहायला शिकवलं. पुसट ठिपक्याकडे सरळ पाहायचं नाही, किंचित बाजूला पाहायचं, मग तो कडेनं उमटतो. मला हे जमायला एक अख्खा हिवाळा लागला होता. स्नेहलनं डोळा लावला, थोडं थांबली आणि म्हणाली, "हां, आला." पहिल्याच खेपेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी वा वा म्हटलं.

मी पाणी प्यायला खोलीत गेले आणि परत आले तर ही दुर्बीण आपल्या मनानं फिरवत बसलेली. यादी नाही, नकाशा नाही, नुसती चालली आहे फिरत. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "ताई, हे काय दिसून राहिलं? मघाशी दाखवलेल्या सिंहाच्या तोंडापुढं. धुरकट आहे. यादीतलं इथलं तर तुम्ही काही सांगितलं नाही."

मी नळीवरून नजर टाकली. कोयत्यासारखी ती सिंह राशीची मान, आणि दुर्बीण बरोबर त्याच्या तोंडापुढे रोखलेली. तिथे काय आहे ते मला माहीत होतं. एक दीर्घिका. त्या फ्रेंच माणसाकडून ती निसटली होती आणि नंतर त्या जर्मन संगीतकाराला सापडली. मी ती कधीच पाहिली नव्हती. मी यादीला धरून चालणारी बाई, यादीत नाही तिकडे मी कधी वळलेच नव्हते. आणि ही आज पहिल्यांदा आली, आणि हिला मिळाली.

आमच्या गटाचा एक नियम आहे. एकानं पाहिलं म्हणजे दिसलं असं आम्ही धरत नाही. पहिल्यानं काही सांगायचं नाही, दुसऱ्यानं डोळा लावून आपल्याला दिसला तो आकार सांगायचा. दोघांचं जुळलं तरच नोंद. म्हणजे आता मी डोळा लावायला हवा होता.

"असेल काहीतरी," मी म्हटलं. "आपली यादी राहून जाईल. तू एक काम कर, तू लिहून घे. मी सांगते."

आणि तिला खुर्चीवर बसवलं. वही दिली, लाल कागद लावलेली बॅटरी दिली. बॅटरी मिणमिणत होती, म्हणून तिनं मोबाइलचा दिवा लावला. मी अडवलं नाही. खरं तर अडवायला हवं होतं, कारण एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की पुसट ठिपके पुन्हा दिसायला चांगला वेळ लागतो. ते मला पक्कं माहीत होतं.

मी एकेक सांगत गेले, ती लिहीत गेली. अक्षरही मेलीचं सुंदर.

थोड्या वेळानं तिनं मान वर न करता विचारलं, "ताई, ती बहीण अशीच बसायची का?"

इतकी वर्षं ही गोष्ट मी गोड करून सांगत आले, आणि त्या भावाच्या मनात तेव्हा काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. माझ्या मनात काय होतं ते मात्र मला स्वच्छ ठाऊक होतं. मला ती त्या खुर्चीवरच हवी होती. दुर्बिणीजवळ नको होती.

पुढचा भाग सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी हळूच दुर्बीण सिंहाकडे वळवली. म्हटलं, आपणच पाहून घेऊ, तिला कळायचं नाही. फिरवली, पुन्हा फिरवली. मला काही सापडेना. तिला वाटेत पडल्यासारखी सापडलेली गोष्ट, आणि मी नकाशा पाठ असलेली बाई हात चोळत उभी.

"सापडत नाही का?" स्नेहलनं विचारलं. कळलंच होतं तिला. तिनं वही मिटली, मोबाइल पालथा ठेवला, डोळे पुन्हा अंधाराला सरावावेत म्हणून ओढणी त्यांच्यावर घेतली आणि बसून राहिली. मीही बसले. कुठेतरी चितळ ओरडलं. बऱ्याच वेळानं ती उठली, दुर्बिणीशी आली, फिरवली, थांबली आणि बाजूला झाली.

"घ्या. मी काही सांगत नाही. तुम्ही सांगा कसं दिसते."

मी डोळा लावला. आधी नुसता अंधार. मग नजर जरा बाजूला नेली आणि ती आली. लांबट, मधे किंचित उजळ, कडा विरत गेलेल्या. इतकी सुंदर होती की मला रडू आलं, आणि ती माझी नव्हती म्हणून जास्तच आलं.

"दिसलं का?"

आता ऐका. "नाही" एवढा एक शब्द पुरेसा होता. मी नाही म्हटलं असतं तर नियमाप्रमाणे तिची नोंद झाली नसती. इथे तिसरं कोणी नव्हतं. वय झालं माझं, दिसलं नसेल, असं तिनंही धरलं असतं. तो शब्द ओठावर आला होता, मी काही संत नाही.

"लांबट आहे," मी म्हटलं. "मधे उजळ. आणि खालच्या बाजूला एक बारका तारा."

"बरोबर," ती म्हणाली. आणि तिनं माझा दंड घट्ट धरला. तोपर्यंत मला वाटत होतं की हिच्यासाठी ही नुसती सहल आहे.

मग मी तिला सांगितलं की ती काय आहे आणि कोणाकडून निसटली होती. ती पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली.

सकाळी नरेशभाऊंनी चहा दिला आणि विचारलं, "दिसला का अंधार?" आम्ही दोघी हसलो. परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला संत्री घेतली. संत्र्याचा मृगबहार संपत आला की ती महाग असतात, पण गोड निघाली. कन्हानच्या पुलावर स्नेहल म्हणाली, "ताई, एक सांगू? राग येईल."

"सांग."

"काल तुम्ही मला लिहायला काहून बसवलं ते मला समजलं होतं. पुढच्या वेळी मी नाही बसणार."

मला राग आला. बरोबर बोलत होती म्हणून जास्त आला. मी संत्र सोलून एक फोड तिच्या हातावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

घरी येऊन आता काही दिवस झाले. बेशाच्या गच्चीवरून सिंहाची मानसुद्धा धड दिसत नाही, इतके दिवे वाढले आहेत. जाण्यासारखं आहे का असं कोणी विचारलं तर नक्की जा. चंद्र नसताना जा, स्वेटर न्या, बॅटरीची सेलं नवी टाका. सोबत कोणाला न्यायचं ते मात्र नीट विचार करून ठरवा. जळणं कमी झालं का? नाही झालं. काल सासूबाईंनी शेजारणीला कौतुकानं सांगितलं की आमच्या स्नेहलनं आकाशात काहीतरी नवीन शोधलं. नवीन नाही, ते अडीचशे वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे, हे मी लगेच दुरुस्त केलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की शोधलं तिनंच, मला सापडत नव्हतं. सांगितल्यावर मला काही बरंबिरं वाटलं नाही.

आज सकाळी स्नेहल जिन्यातून खाली आली. चैत्रातल्या अमावास्येची खोली तिनं नरेशभाऊंना फोन करून ठरवलीसुद्धा. मला न विचारता.

"आणि लिहायला कोण बसणार?" मी विचारलं.

"तुम्ही ठरवा."

घरात ओट्याची पाळी वाटून घेतो तशी आम्ही रात्र वाटून घेतली. अर्धी रात्र ती लिहिणार, अर्धी रात्र मी. पहिली अर्धी दुर्बिणीशी मी. सिंह तेव्हा डोक्यावर असतो, आणि त्याच्या तोंडापुढचं ते यावेळी मी माझ्या हातानं काढणार आहे.