लांबड्या चकोल्या

"तुमच्या धाकट्या सूनबाईला बोलता येतं का न्हाई? आल्यापासून तोंडातून एक सबुद न्हाई," शेजारच्या काकू ओसरीवर म्हणत होत्या.

"येतं की," सासूबाई म्हणाल्या. "पण मराठी तेवढी सिकंदराबादेत विसरून आली वाटतं."

दोघी हसल्या. आत कणीक मळता मळता मलाही हसू आलं. पण माझं हसणं, बोलणं सगळं तेव्हा आतल्या आतच व्हायचं. सासरी, मानवतला, ते कापसाच्या गाड्यांचे दिवस होते. दारावरून गाडी गेली की कापसाचे तंतू उन्हात तरंगत खिडकीतून आत येत आणि चुलीच्या उबेवर पुन्हा वर जात. मी त्यांच्याकडे बघत राही.

जावेची दीड वर्षांची जुळी गोवरातून नुकतीच उठली होती. ताप गेला, पण भूक परतली नव्हती. भात थुंकत, दूध लोटून देत. मांडीवर घेतलं तर वजनच लागत नसे. जाऊबाई वाटी घेऊन त्यांच्यामागे हिंडून थकल्या होत्या. त्या दिवशी तर भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या.

माझ्या इंग्रजी कॉन्व्हेंट शाळेत एक म्हातारी सिस्टर होती. बरीच वर्षं जपानात राहून आलेली. वसतिगृहातली लहान मुलं आजारातून उठली की ती त्यांच्यासाठी जाड, लांब शेवया करी, गव्हाच्या, पातळ कढणात भाज्यांबरोबर शिजवलेल्या. तिकडे ही कणीक फडक्यात गुंडाळून पायांनी तुडवतात, असं ती सांगायची. अन्नाला पाय! या घरात ते मनात आणायचीही भीती वाटली. मी हातांनीच मळत राहिले, मनगटं भरून येईपर्यंत.

गोळा ओल्या फडक्याखाली मुरू दिला. जाडसर लाटला, घडी घालून सुरीनं लांब कापला, उकडून घेतला. तुरीच्या डाळीचं वरचं पाणी, आल्याचा तुकडा, गाजर, कोवळा पालक. तिखट नाही.

सासूबाई डोकावल्या. "ह्या तर वरणातल्या लांबड्या चकोल्या! आन् फोडणी कुठाय?"

मी वाट्या भरल्या.

जाऊबाईंनी भरवायला घेतलं. मुलीनं तोंड फिरवलं. मुलानं शेवई ओढून जमिनीवर टाकली. "राहू दे गं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली.

सिस्टर आधी स्वतः खायची, मोठ्यानं आवाज करून. एरवी सूप पिताना जरा आवाज झाला की बोटांवर पट्टी बसे. या एका पदार्थाला माफी होती. पण इथे पुरुषांची जेवणं व्हायची होती, त्याआधी सुनेनं तोंडात घास घालायचा नाही. आणि सासूबाई दारातच उभ्या.

मी मुलांसमोर बसले. वेगळ्या वाटीतली एक लांब शेवई ओठांत धरली आणि सुर्रकन ओढली. तिचं शेपूट नाकावर आपटलं.

मुलगी टक लावून बघत राहिली. मग खुदकन हसली आणि तोंड उघडलं. भावानं तिच्याच वाटीत हात घातला. हळूहळू स्वयंपाकघरात सुर्र, सुर्र एवढंच उरलं, आणि वाफेत गिरक्या घेणारा कापसाचा एक तंतू. जाऊबाई एका हातानं भरवत होत्या, दुसऱ्यानं डोळे पुसत होत्या.

"अगं, माणसं जेवायचीत अजून, न् तू..." सासूबाई वाकल्या. मुलांच्या वाटीचा तळ दिसत होता. त्यांचा आवाज खाली आला. "आन् हे असं फुरके मारून?"

मी माझी वाटी त्यांच्यापुढे धरली.

"आत्याबाई, आवाज केल्याशिवाय त्याला चव लागत नाही. बसा ना, तुम्हीपण ओढून बघा."