राजेंद्र नगरातला राजीनामा

निंबाअण्णा नसते तर मी इंदूर पाहिलंच नसतं. शिरपुरात त्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान आहे. माझे वडील हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला मीच. बी. ए. होईपर्यंत अण्णांनी मला दुकानात काम दिलं आणि लग्नांच्या मांडवात माईकही माझ्याच हातात दिला. अशाच एका लग्नाला इंदूरचे जगताप पाहुणे म्हणून आले होते. पंगतीची सूचना ऐकून ते मांडवामागे मला शोधत आले. म्हणाले, "इतकी साफ मराठी आमच्याकडे कोणी बोलत नाही, भिया (इंदुरात भावाला आणि रस्त्यावरच्या कुणालाही असंच म्हणतात). आमच्या टीव्हीवर बातम्या वाचाल का?"

त्यांचा टीव्ही म्हणजे दिल्लीचा नव्हे. केबल नुकतीच घरोघरी पोचत होती. जगताप आणि त्यांचे शेजारी मोघे यांनी मिळून राजेंद्र नगर वसाहतीपुरती एक वाहिनी काढली होती. दिवसभर सिनेमे आणि संध्याकाळी अर्धा तास वसाहतीच्या बातम्या, त्याही मराठीत. पुढे जगतापांचं पत्र आलं. या म्हणून लिहिलं होतं, पण मोघ्यांशी वाद चालू आहे असंही होतं. मोघ्यांना तो अर्धा तासही सिनेमालाच द्यायचा होता. वाद मिटला नाही तर बातम्या बंद, आणि बातम्या बंद म्हणजे माझं कामही सुरू होण्याआधीच संपलं.

अण्णा म्हणाले, "जाऊन तर ये, भटू. न जाता काय कळणार?" आणि स्वतःचा पत्ता घातलेलं एक पोस्टकार्ड माझ्या खिशात कोंबलं.

बस बिजासनचा घाट चढून सेंधव्याला टेकली आणि पुढे निघाली. खलघाटच्या पुलावर नर्मदा दिसताच सगळ्या बसने हात जोडले. खिडक्यांतून नाणी पडू लागली. शेजारच्या बाई "नर्मदे हर" म्हणाल्या आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या. मग मीही एक नाणं टाकलं आणि मनातल्या मनात तो अर्धा तास मागून घेतला. मानपूरच्या घाटात ट्रकांच्या रांगेत बस अडकली, तिथे गरम भजी खाल्ली. घाट संपल्यावर माळव्याचं पठार लागलं: काळी जमीन, हिरवा गहू आणि अंगाला सुखावणारा गारवा. राऊ मागे पडलं आणि कंडक्टरने राजेंद्र नगर पुकारलं.

गच्चीवरच्या मोठ्या छत्रीवरून (डिशला इथे हेच म्हणतात) जगतापांचं घर लगेच सापडलं. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"तुम्ही शिरपूरचे ना? या, बसा. हे आता येतीलच. अहो, सकाळीच दोघांचा राजीनामा झाला."

माझी बॅग हातातच राहिली. "दोघांचा?"

"हो ना. मोघेजी पण तयार झाले. चलो, सुटलो एकदाचे. पेढा घ्या."

'राजीनामा झाला' हे कानाला खटकलं. आमच्याकडे राजीनामा देतात. पण इथलं बोलणंच असं असेल, असं मी समजलो. पेढ्याचं मात्र कोडं सुटेना.

"फार वाईट झालं, वहिनी," मी म्हणालो.

"वाईट काय त्यात? पूरा मोहल्ला खुश आहे. आमच्या सासूबाई तर देवाला रोज हेच मागत होत्या."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं? दोन पेढे दे त्याला."

मी दोन्ही खाल्ले. ज्या घराला वाहिनी बंद पडल्याचा एवढा आनंद होतो, तिथे नोकरीची गोष्ट कशी काढायची? जरा चक्कर मारून येतो म्हणालो आणि बॅगेसकट बाहेर पडलो.

मोठ्या रस्त्यावर एक पोह्यांची गाडी होती. वाफेवर ठेवलेले पोहे, वर शेव आणि जिरावन (चटकदार मसाल्याची पूड). गाडीवाल्याला परतीच्या बसचं विचारलं.

"आए कब?" तो म्हणाला.

"आत्ताच."

"और जा भी रहे हो? इतने में तो जलेबी भी नहीं तली जाती, भिया."

पोहे चांगले होते, पण अर्धेच खाल्ले. बाकावर बसून मी अण्णांचं कार्ड काढलं. 'इथलं काम बंद झालं. उद्या परत येतो,' एवढंच लिहिलं आणि समोरच्या लाल पेटीत टाकलं.

वळतो तर समोर एक स्कूटर थांबली. पुढे जगताप, मागे एक चष्म्याचे गृहस्थ.

"ओ महाजन, भागताय कुठे? घरी सगळे तुमची वाट बघतायत."

"वहिनी म्हणाल्या, आपण दोघांनी राजीनामा दिला."

"आम्ही? आणि देणार कोणाला? मालक आम्हीच, चपराशी पण आम्हीच."

मागचे गृहस्थ म्हणजे मोघेच. ते इतके हसू लागले की त्यांना स्कूटरवरून उतरावं लागलं. "अरे जगताप, यांच्याकडे राजीनामा म्हणजे इस्तीफा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इथे कोर्टात दोन भांडणारे समेट करतात ना, त्याला राजीनामा म्हणतात. दोघं राजी झाले, म्हणून. तुमचा अर्धा तास शाबूत आहे. माझ्या सिनेमाला दुपार मिळाली."

मी परत बाकावर जाऊन बसलो. गाडीवाल्याने न मागता जलेबी आणून दिली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेलो. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी लावली होती. लग्नं टिपणारा व्हिडिओ कॅमेरा, एक टेबल, दोन दिवे. लोक चिठ्ठ्या घेऊन जिना चढत होते: हरवलेली सायकल, कुणाची मुंज, कुणाचं तेरावं. एक आजी म्हणाल्या, "माझ्या नातीचं नाव जरा जोरात वाच बेटा. मागच्या खेपेला पंख्यात गेलं."

चिठ्ठ्या लावण्याचं काम मोघ्यांचं. नळाला पाणी कधी येणार, ती चिठ्ठी त्यांनी सगळ्यांत खाली ठेवली. पाणी शेवटी का, असं मी विचारलं.

"पाणी म्हटलं की सगळे हंडे भरायला उठतात," ते म्हणाले. "मग आजीची नात ऐकायला राहणार कोण?"

सर्वांत वर त्या दोघांचीच बातमी होती. मी त्यात 'समेट' लिहिलं होतं. जगतापांना ते पटेना. "मतलब, आमच्या लोकांना कसं कळणार, यार? राजीनामाच वाचा."

शेवटी मी वाचलं, "श्री. जगताप आणि श्री. मोघे यांचा राजीनामा, म्हणजे समेट, झाला आहे. या बातम्या रोज होतील." शेजारच्या घरातून टाळ्या ऐकू आल्या. शेवटची पाण्याची बातमी संपायच्या आत बादल्या वाजल्या.

त्यानंतर अनेकदा शिरपूरला जाऊन आलो, पण त्या खेपेचा परतीचा प्रवास काही झाला नाही. त्याच रात्री जेवण झाल्यावर हे पत्र लिहिलं:

'तीर्थस्वरूप निंबाअण्णांना साष्टांग नमस्कार. आज दुपारी टाकलेलं कार्ड आधी पोचलं तर घरी दाखवू नका. दाखवलं असेल तर हे घेऊन लगेच जा आणि मोठ्याने वाचा. काम बंद झालेलं नाही. आज मी बातम्या वाचल्या आणि लोकांनी त्या ऐकल्या. माझी मराठी यांना हवी आहे. यांची मला अजून शिकायची आहे. ती कळली नाही म्हणून आज केवढा घाबरलो, ते भेटीत सांगेन. आईबाबांना एवढंच सांगा, की भटू उद्या येत नाही. ही चांगली बातमी आहे.'